कानातला आवाज आणि त्याच्यावरची पाळत

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो आहे. नोकरीची बरीच वर्षे टर्बाइन विभागात गेली. नागपुरात मानेवाडा भागात राहतो. गेल्या वर्षी पाऊस लागला, कूलर बंद केला आणि त्याच रात्री दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. तो आजवर थांबलेला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, ऑडिओमेट्री केली. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, बाकी काळजीचे कारण नाही, सवय करून घ्या, असे ते म्हणाले. मी रोज एका वहीत आवाजाला दहापैकी गुण लिहून ठेवतो. काही पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. सौ. म्हणते, ‘काहून त्याच्या मागं लागता? लक्षच देऊ नका.’ मुलगा पुण्याहून रोज फोन करून आवाज कमी झाला का, असे विचारतो. एका मित्राने दहा दिवसांचे विपश्यना शिबिर सुचवले आहे. झांजांच्या भीतीने भजनी मंडळ सोडले. लक्ष दिल्याने आवाज वाढतो असे वाचले. मग हा माझ्या मनाचाच खेळ आहे का? आणि लक्ष द्यायचे नाही म्हणजे नेमके करायचे काय? कधी कधी वाटते, असे किती दिवस काढायचे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देते, कारण ते दिल्याशिवाय पुढचे सारे तुम्हाला नुसती समजूत काढल्यासारखे वाटेल. हा आवाज, ज्याला कर्णनाद (टिनिटस) म्हणतात, मनाचा खेळ नाही. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा जो भाग असतो, त्यात ध्वनीची कंपने टिपणाऱ्या अतिशय नाजूक केसपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी त्या शंखाच्या तोंडाशी असतात आणि वर्षानुवर्षे यंत्रांच्या घरघरीत वावरणाऱ्या माणसाच्या कानात बहुधा त्यांचीच झीज आधी होते. अशा माणसाच्या ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा खाली उतरलेली दिसते, ती यामुळेच. या पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. त्या पट्टीतून मेंदूकडे येणारे संकेत कमी झाले, की मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवून ती तूट भरून काढू पाहतात, आणि त्या खटाटोपात मज्जापेशींची एरवी जाणवत नसलेली हालचाल आवाज म्हणून ऐकू येऊ लागते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. तुमच्या आवाजाला असे शरीरातले कारण आहे आणि ते तुमच्या लक्षाने निर्माण केलेले नाही. त्या आवाजाचा त्रास किती व्हावा, तो दिवसातून किती वेळा समोर यावा, हे मात्र पुष्कळ अंशी लक्षावर ठरते.

आवाज पावसाळ्यात सुरू झाला असे तुम्ही लिहिता. माझा तर्क असा, की तो त्याआधीपासून असावा आणि कूलरने तो झाकून ठेवला असावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मार्चअखेरीस लावलेला कूलर जूनच्या मध्यापर्यंत रात्रभर चालतो. त्याचा पंखा, पंप आणि वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारे पाणी मिळून होणारा आवाज तुमच्या कानातल्या शिट्टीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तरीही त्या घरघरीत सारे घर गाढ झोपते. उलट मध्यरात्री वीज गेली, तर अख्खी गल्ली जागी होते. उकाड्याने घाम फुटण्याच्या आधीच पुष्कळांचे डोळे उघडतात ते केवळ अचानक झालेल्या शांततेने. कूलर चालू असणे म्हणजे सारे ठीक आहे, हे मेंदूने कधीच ठरवून टाकलेले असते, म्हणून त्याची घरघर तो जाणिवेपर्यंत येऊच देत नाही. कानातल्या आवाजाविषयी त्याचे असे काही ठरलेले नाही. किंबहुना तुमच्या बाबतीत त्याने उलटेच ठरवले आहे: हा धोका आहे, याच्यावर नजर ठेवली पाहिजे.

शांतता आणि लक्ष यांचा या आवाजाशी काय संबंध आहे, हे दोन प्रयोगांनी चांगले दाखवले आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि जे ऐकू येईल ते लिहायला सांगितले. काही मिनिटांतच त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना गुणगुण, शिट्टी, रातकिड्यांसारखी किरकिर असे काही ना काही ऐकू आले. पुढे २००८ मध्ये ब्राझीलमध्ये असाच प्रयोग अधिक बारकाईने झाला. निरोगी कानांच्या ६६ जणांना त्याच शांत खोलीत तीन वेगवेगळी कामे दिली गेली. डोके चालवावे लागणारे चकत्यांचे कोडे सोडवताना साधारण पाचांपैकी एकालाच आवाज जाणवला. नजर एका ठिकाणी लावायला सांगितली तेव्हा निम्म्याच्या थोड्या कमी लोकांना तो ऐकू आला. आणि कान देऊन ऐका असे सांगितले तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना. खोली तीच होती आणि माणसेही तीच होती, बदलले होते ते फक्त लक्ष. तुमचा आवाज या लोकांच्या आवाजापेक्षा ठळक असणार, कारण तुमच्या कानाची झीज झालेली आहे. पण लक्षाचा नियम तुम्हालाही तोच लागू आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा खरी वाटत नाही. बाहेरून आवाज ऐकवून, ‘तुमच्या कानातला आवाज एवढा आहे का?’ असे विचारत मोजणी केली, तर बहुतेकांचा आवाज त्यांना ऐकू येऊ शकणाऱ्या सर्वांत मंद ध्वनीपेक्षा पाच-दहा डेसिबलच वर निघतो. त्यातही ज्याचा आवाज मोठा, त्याला त्रास अधिक असे गणित बसत नाही. मोजणीत सारखाच आवाज असलेल्या दोघांपैकी एक जण दुकान सांभाळतो, नातवंडे खेळवतो आणि विचारल्याशिवाय आवाजाचे नावही काढत नाही, तर दुसऱ्याची झोप उडालेली असते. या तफावतीचा उलगडा करणारी मांडणी पावेल जास्त्रेबॉफ या संशोधकांनी १९९० मध्ये केली. कानातला संकेत श्रवणकेंद्रापुरता राहिला तर माणूस त्याला सरावतो. पण तो भीती आणि सावधपणा यांच्या केंद्रांशी जोडला गेला, की छाती धडधडते, झोप पळते, त्या अस्वस्थतेने लक्ष पुन्हा आवाजाकडे जाते आणि हे चक्र आपोआप फिरत राहते. डॉक्टर ‘सवय करून घ्या’ म्हणाले, ते या अर्थाने बरोबरच होते. फक्त वाट दाखवण्याइतका वेळ आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाला नसतो.

आता तुमच्या वहीकडे वळते. पाने मी दोनदा वाचली. ‘रात्री १.४० : ७, डावा जास्त.’ ‘पंखा बंद करून पाहिला : ८.’ ‘दोन्ही कानांत बोटे घालून : ९.’ हिशेबी माणसाची वही आहे. टर्बाइनच्या लॉगबुकची सवय अक्षरात दिसते. पण यंत्राचे वाचन घेतल्याने यंत्राचा आवाज वाढत नाही, इथे मात्र वाचन घेणे हेच लक्ष देणे आहे. मध्यरात्री पंखा बंद करून कान देणे म्हणजे घरच्या घरी त्या ध्वनिरोधक खोलीत जाऊन बसणे होय. कानांत बोटे घातल्यावर बाहेरचे सगळे बंद होऊन आतले तेवढे उरते, म्हणून ९ गुण मिळतात. तसे करणाऱ्या कोणालाही आतला आवाज ठळक वाटेल. ज्या वेळी आवाज सर्वांत जास्त जाणवतो नेमकी तीच वेळ निवडून तुम्ही नोंद केली आहे आणि त्या नोंदींवरून आपला दिवस कसा जातो याचा निष्कर्ष काढला आहे.

त्या पानांतली माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद तुम्ही चूक म्हणून लिहिली आहे: ‘भाच्याचे लग्न, मोर्शी. नोंद राहिली.’ त्या दिवसांत कान तेच होते आणि त्यांची झीजही तेवढीच होती. मांडवातला गलका, पाहुण्यांची ये-जा, आहेराची यादी आणि जेवणावळीची धावपळ यांत आवाज आला तरी त्याला विचारायला कोणी मोकळे नव्हते. आवाज असूनही तो जाणवत नाही असे तास तुमच्या आयुष्यात आजही आहेत, ते वहीत येत नाहीत एवढेच. कारण वही उघडताच ते संपतात.

तेव्हा पहिले काम म्हणजे ती वही बंद करणे. रात्रीची तपासणी, डाव्या-उजव्या कानाची तुलना, सकाळी जाग येताच ‘आहे का?’ म्हणून कानोसा घेणे आणि मोबाइलवर यासंबंधीचे व्हिडिओ पाहणे, ही सगळी पाळतीचीच रूपे आहेत. पाळत ठेवायची इच्छा होईल; तेव्हा ती झाली एवढे मनात म्हणावे आणि हातातल्या कामाकडे वळावे. सौ. म्हणतात ते निम्मे खरे आहे. लक्ष देऊ नये हे बरोबर, पण ‘लक्ष देणार नाही’ असा निश्चय करून ते साधत नाही. औषध पिताना माकडाची आठवण काढायची नाही अशी अट घातलेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडे सांगतात, तसेच हे आहे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगातून हेच दाखवले, की एखादा विचार दाबायला सांगितले की तो दबत तर नाहीच, पुढे मोकळीक मिळताच अधिक जोराने येतो. आवाज दाबू नका. तो आला तर येऊ द्या. त्याची विचारपूस तेवढी थांबवा.

दुसरे काम शांतता मोडण्याचे. रात्री पंखा चालू ठेवा, थंडीत गारवा वाटत असेल तर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा किंवा रेडिओ मंद आवाजात असू द्या. हा आवाज कानातल्या शिट्टीला पूर्ण बुडवण्याइतका मोठा नसावा. शिट्टी थोडी ऐकू यावी आणि तिच्याभोवती दुसरेही काही ऐकू यावे, एवढाच तो हवा. जो आवाज कधी ऐकूच येत नाही त्याला मेंदू सरावणार तरी कसा? दिवसा घरात कानांत कापूस घालून बसण्याची सवय लागली असेल तर ती मोडावी. संरक्षण हवे ते खऱ्या गोंगाटापासून, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे, वरातीतला बँड आणि दिवाळीतले फटाके यांच्यापासून.

श्रवणयंत्राचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणून तो मुद्दाम करते. उंच पट्टीची श्रवणशक्ती कमी झालेला माणूस समोरच्याचे शब्द पकडण्यासाठी दिवसभर कान ताणून ऐकत असतो आणि त्या ताणात आतलाच आवाज आधी हाती लागतो. योग्य तऱ्हेने बसवलेल्या यंत्राने बाहेरचे जग पुन्हा भरल्यासारखे ऐकू येते. कानाची झीज असलेल्या अनेकांना कर्णनादाचा जाच त्यामुळे कमी झालेला आढळतो. जाहिरात पाहून दुकानातून यंत्र आणू नका. नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मेयो रुग्णालय किंवा मिहानमधील एम्स यांपैकी जे सोयीचे असेल तिथल्या कान-नाक-घसा विभागात जुना ऑडिओग्राम घेऊन जा, यंत्राची गरज आहे का ते ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या आणि घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मिळेल का, हेही विचारा.

विपश्यनेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि तुमच्या मित्राला ते कदाचित आवडणार नाही. जागरूकता आणि पाळत या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. पाळतीत माणूस आवाज आहे की गेला, वाढला की घटला, हे पाहत राहतो, म्हणजे निकालाची वाट पाहतो. जागरूकतेत तो आवाज आहे एवढे कळते आणि त्याविषयी मत बनवण्याची घाई नसते. ही दुसरी वृत्ती शिकवून उपयोग होतो, याला आधारही आहे: लंडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्णनादाने त्रस्त असलेल्या ७५ रुग्णांपैकी काहींना सजगतेवर आधारित उपचार आणि काहींना शिथिलीकरण शिकवले गेले, दोन्ही गटांना बरे वाटले, पण सजगतेच्या गटाचा त्रास अधिक कमी झाला. मात्र दहा दिवसांच्या शिबिरात मौन असते आणि चोहीकडे शांतता असते. आज तुमची झोप मोडलेली आहे, पाळतीची सवय ताजी आहे. अशा वेळी तिथे जाऊन तुम्ही दहा दिवस आवाजच ऐकत बसाल, अशी मला भीती वाटते. आणखी काही महिन्यांनी, झोप सावरल्यावर जावेसे वाटले तर जरूर जा, आणि अर्ज भरतानाच हा त्रास त्यांना कळवा.

तोपर्यंत घरीच एक साधा सराव करून पाहा. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसा. आधी दूरचे आवाज ऐका: रिंग रोडवरची वाहने, कुठेतरी चाललेली आरती. मग जवळचे: शेजारच्या कुकरची शिट्टी, कडुनिंबावर परतलेली पाखरे, खाली कोणी गेट उघडले त्याची कुरकुर. नंतर तळपायांखालची गच्चीची उष्णता, पाठीला टेकलेली खुर्ची, येणारा-जाणारा श्वास. या सगळ्यांत कानातली शिट्टीही असेल. तिला वगळू नका आणि तिच्यापाशी थांबूही नका. दहा मिनिटे पुरेत. उठताना आज कमी वाटली की जास्त, हा प्रश्न तेवढा स्वतःला विचारू नका, नाहीतर गच्चीवरही वही उघडल्यासारखेच होईल.

मुलाच्या फोनमागे माया आहे, पण तो रोज त्याच एका प्रश्नाने तुमचे लक्ष ठरल्या वेळी आवाजाकडे नेतो. त्याला तसे मोकळेपणाने सांगा. आठवड्यातून एकदा विचारले तरी चालेल, एरवी नातवाची शाळा आणि पुण्याचा पाऊस हे विषय पुष्कळ आहेत.

या सगळ्याला वेळ लागतो. आधी आवाजाने होणारी धडधड कमी होते आणि त्यानंतर तो जाणवण्याचे प्रसंग कमी होतात. हा क्रम लक्षात ठेवा, म्हणजे आवाज अजून आहे म्हणून काहीच उपयोग झाला नाही असे वाटणार नाही. जास्त्रेबॉफ यांच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांनाही साधारण वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवायला सांगतात. बोधनिष्ठ वर्तन उपचारपद्धती, म्हणजे जिला डॉक्टर सीबीटी म्हणतात, तिच्याविषयीच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला, तेव्हा आवाजाची तीव्रता घटते असे ठोस दिसले नाही, पण त्याचा जगण्यावरचा परिणाम घटतो असे दिसले. तुम्हाला हवे आहे ते हेच, म्हणून ही पद्धत येणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अवश्य शोधा. जिंकगो आणि झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देऊ नयेत असेच म्हटले आहे. कानात कढवलेले तेल तर अजिबात नको. चहा मात्र यासाठी सोडायचे कारण नाही, रात्री उशिराचा तेवढा टाळा.

‘असे किती दिवस काढायचे’ हे वाक्य तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मी ते ओझरते वाचलेले नाही. कर्णनादासोबत उदासी येते आणि उदासीने आवाज अधिक बोचतो. उदासीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जगणे नकोसे वाटल्याचा विचार एकदा जरी आला असेल, तर आजच सौ.ना सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. मेडिकलच्या मानसोपचार विभागात जाण्यातही संकोच नको.

तुमची तपासणी झालेली आहे, म्हणून बाकीच्या वैद्यकीय गोष्टी थोडक्यात. आवाज एकाच कानात राहू लागला, नाडीच्या ठोक्यांबरोबर धपधप होऊ लागली, घेरी येऊ लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, तर पुन्हा दाखवा. एखाद्या कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरच्या उपचाराला उशीर चालत नाही. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर आवाजाच्या संशयाने त्या परस्पर बंद करू नका.

राहिले भजनी मंडळ. तिथे परत जा, असेच मी सांगेन, कारण अभंगाची ओळ उचलताना आणि ताल सांभाळताना लक्ष जसे गुंतते तसे घरातल्या खुर्चीत गुंतणार नाही. झांजांचा आवाज हातभर अंतरावर खरोखरच मोठा असतो, तेव्हा तुमची काळजी अगदीच अनाठायी नाही. झांजकऱ्यांच्या शेजारची आणि ध्वनिवर्धकासमोरची जागा सोडून मागच्या ओळीत बसा, आणि गजर टिपेला जातो तेवढ्या वेळापुरते फोमचे बोळे कानात घाला. श्रवणयंत्र घ्यायचे ठरले, तर भजनाच्या वेळी ते मंद करायचे की काढून ठेवायचे, हे ऑडिओलॉजिस्टला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.